संगणकाची पोथी होऊ देऊ नका!

मागच्या उन्हाळ्यात भांडुपला आमच्या वस्तीत एका मंगल परिणयाला गेलो होतो. त्रिशरण-पंचशील झाले, वधूवरांवर फुले पडली, पंगती बसल्या. तेवढ्यात वधूच्या मामांनी माझा हात धरला आणि वरपक्षाच्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांपुढे मला उभे केले. "हे आमचे भाऊ. पंचवीस वर्षे झाली, आयटीत आहेत." गृहस्थ चटकन उठले, जयभीम झाला. "हिंजवडीला का?" त्यांनी विचारले. मी म्हणालो, "नाही दादा, मी कारकून आहे. टेबलावर फायलींबरोबर कॉम्प्युटर आहे, एवढेच." ते हसले. त्यांना तो माझा विनय वाटला.

विनय नव्हता तो. आयटी म्हटले की आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढे काचेची इमारत, गळ्यातले ओळखपत्र आणि परदेशची वारी येते. आपली काही मुले-मुली तिथवर पोचली आहेत आणि त्यांचा अभिमान आहेच. पण गिरणीत जसे मालक, मास्तर, जॉबर आणि सर्वांत खाली बदली कामगार असत, तशीच उतरंड या धंद्यातही आहे. मी त्यातला बदली कामगार. डेटा एन्ट्री ऑपरेटर म्हणून लागलो, पुढे एका निमसरकारी कार्यालयात कारकून झालो आणि आजही दिवसभर लोकांची नावे, जन्मतारखा आणि रकमा कॉम्प्युटरमध्ये भरतो. या पंचवीस वर्षांत एक गोष्ट शिकलो. ती शिकताना माझ्या हातून एका घराचे नुकसान झाले. ते आज आपल्या बंधू-भगिनींपुढे कबूल करायचे आहे.

गिरणी गेली, मशीन आली

माझे आजोबा आणि वडील दोघेही परळच्या एका कापड गिरणीत रिंग खात्यात होते. आजोबा सांगत की त्यांच्या उमेदीच्या काळात आपल्या माणसाला साचा खात्यात, म्हणजे विणकामाला, घेत नसत. तिथे पगार जास्त होता. पण धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि अस्पृश्याच्या तोंडचा धागा इतरांना चालत नसे. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता. लहानपणी मी आजोबांना विचारले होते, "मशीनला काय कळतं कोण महार नि कोण मराठा?" आजोबा म्हणाले, "मशीनला नाय कळत रे पोरा. मशीनजवळ उभ्या असणाऱ्याला कळतं."

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. वडिलांची नोकरी त्यात गेली ती गेलीच. पुढे त्यांनी भांडुप स्टेशनबाहेर भाजी विकली. त्यांचा नव्या यंत्रावर भारी राग. त्याच सुमारास बँकांत कॉम्प्युटर येणार म्हणून कर्मचारी संघटना मोर्चे काढत होत्या. १९८४ साली डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीने बँकांच्या संगणकीकरणाचा आराखडा दिला, तेव्हा वडील म्हणत, "एक मशीन आली की दहा माणसं घरी." त्यामुळे १९९६ साली दहावी झाल्यावर मी टायपिंग क्लास लावला, तेव्हा त्यांना आनंद झाला. टाइपरायटर त्यांना मशीन वाटत नव्हते. ती कारकुनाची लेखणी वाटत होती.

क्लासमध्ये गोदरेजच्या मशिनी होत्या. मराठी मिनिटाला ३० शब्द आणि इंग्रजी ४० शब्द, या सरकारी परीक्षा मी पास झालो. बोटे दुखत, कार्बनने सदरा काळा होई. मास्तर सांगत, "चूक झाली तर खोडू नका, कागद बदला." तेव्हा ते जाचक वाटे. आज वाटते, त्या मास्तरांइतके मोलाचे मला पुढे कोणीच शिकवले नाही.

चपला बाहेर काढून

१९९९ साली अंधेरीच्या एका औद्योगिक गाळ्यात मला डेटा एन्ट्रीचे काम मिळाले. दिवसा काम, संध्याकाळी रात्रमहाविद्यालय. कॉम्प्युटरच्या खोलीत एसी होता आणि दाराशी पाटी होती : 'चपला बाहेर काढा.' धूळ आत जाऊ नये म्हणून तो नियम होता. पण पहिल्या दिवशी अनवाणी आत जाताना मला देवळात शिरल्यासारखे वाटले. खोलीत कोणी मोठ्याने बोलत नसे. प्रोग्रामर साहेब आले की आम्ही उठून उभे राहायचो. आतली विद्या फक्त त्यांना ठाऊक. आमचे काम दिलेले मुकाट्याने भरत जाण्याचे.

ते वर्ष 'वाय-टू-के'चे होते. जुन्या प्रोग्रामरांनी जागा वाचवण्यासाठी वर्षाचे चार आकडे न ठेवता शेवटचे दोनच ठेवले होते. १९९९ म्हणजे ९९. मग २००० साल आले की कॉम्प्युटरला ००, म्हणजे १९०० वाटेल आणि व्याज, वय, पगार सगळेच चुकेल, अशी जगभर भीती पसरली. ती दुरुस्ती करण्यासाठी सगळ्या जगाने अफाट पैसा ओतला. आपल्या देशातल्या सॉफ्टवेअर कंपन्यांची भरभराट व्हायला हेही एक मोठे कारण झाले. ३१ डिसेंबरच्या रात्री आमच्या गाळ्यातही चार माणसे जागत बसली होती. काही झाले नाही. सकाळी चहा पिऊन घरी आलो. दोन आकड्यांसाठी जग एवढे जागे राहते, याचे तेव्हा कौतुक वाटले होते.

दुसरी कथा मराठीची. तेव्हा कॉम्प्युटरवर मराठी लिहिणे म्हणजे कसरत होती. पुण्याची सी-डॅक ही संस्था १९८८ साली स्थापन झाली आणि तिने भारतीय भाषांसाठी मोठे काम केले. पण बाजारात नाना तऱ्हेचे फॉन्ट होते. पुष्कळ फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसे आणि आत मात्र इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक साठवलेले असत. दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की 'बाळासाहेब'च्या जागी वेड्यावाकड्या खुणा दिसत. पुढे युनिकोड रुळले, तेव्हा देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक मिळाला. अनुस्वाराच्या टिंबालादेखील मिळाला : ०९०२. म्हणजे माणसाच्या डोळ्याला टिंब दिसो वा न दिसो, कॉम्प्युटरच्या हिशेबी ते एक पूर्ण अक्षर आहे. टिंब असलेला माणूस वेगळा, टिंब नसलेला वेगळा.

एका नावाचे दहा पैसे

२००२ साली आमच्या मालकाने एका मोठ्या कार्यालयाचे कंत्राट घेतले. कार्यालयाचे नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. तिथल्या कामगारांची जुनी हस्तलिखित रजिस्टरे कॉम्प्युटरमध्ये भरायची होती : नाव, हुद्दा, रुजू झाल्याची तारीख, वारसाचे नाव. बरेचसे सफाई कामगार. त्यातले निम्मे तरी आपलेच बांधव असतील, हे आडनावांवरून कळत होते. आम्हाला शंभर नोंदींमागे दहा रुपये मिळत. एका माणसाच्या सबंध नोकरीचे दहा पैसे! जो जास्त भरेल तो जास्त कमवेल. मी सर्वांत वेगवान होतो आणि त्याचा मला गर्व होता. तपासणारा मुलगा दहा नोंदींतली एक पाहायचा. बाकीच्या नऊ कोणीच पाहत नसे.

पुढे २००५ साली मला निमसरकारी नोकरी लागली आणि तो गाळा सुटला. वस्तीत बुद्धविहाराचे काम, जयंती, विद्यार्थ्यांचे फॉर्म भरून देणे, शिष्यवृत्तीसाठी चकरा मारणे, हे चालूच होते. 'भाऊ कॉम्प्युटरवाले' असे नाव पडले होते.

२०१३ च्या पावसाळ्यात एक मावशी विहारात आल्या. त्यांचे पती सफाई कामगार होते आणि आदल्या वर्षी वारले होते. कुटुंब निवृत्तिवेतन दहा महिने अडले होते. कारण काय, तर कार्यालयाच्या कॉम्प्युटरमधले आडनाव आणि बँकेतले आडनाव जुळत नव्हते. आडनाव आपल्यात घरोघर सापडेल असे आहे, 'कांबळे' धरा. बँकेत कांबळे, कॉम्प्युटरमध्ये काबळे. मावशींनी दोनदा स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र करून दिले होते. प्रत्येक वेळी एकच उत्तर मिळे : "बाई, आम्ही काय करणार? कॉम्प्युटरमध्ये असंच आहे."

मी त्यांच्याबरोबर गेलो. मलाही तेच उत्तर मिळाले. तेव्हा २००५ च्या माहितीच्या अधिकाराखाली साध्या कागदावर अर्ज केला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला आणि मूळ रजिस्टर पाहण्याची मागणी केली. महिन्याच्या आत पत्र आले. एका दुपारी कपाटातून लाल कापडात बांधलेले रजिस्टर निघाले. निळ्या शाईत, वळणदार अक्षरात मावशींच्या पतीचे नाव होते. 'का'च्या डोक्यावर टिंब होते. ठसठशीत.

मग साहेबांनी कॉम्प्युटरची छापील नोंद शेजारी ठेवली. तिच्यात टिंब नव्हते. खाली बारीक अक्षरात नोंद भरल्याची तारीख होती, जुलै २००२, आणि ऑपरेटर क्रमांक होता : १४.

चौदा नंबर माझा होता.

त्या कार्यालयाची रजिस्टरे आम्ही भरली होती हे मी विसरलो नव्हतो. पण आम्ही सहाजण होतो, नोंदी हजारो होत्या. ही चूक माझीच निघेल असे मनातही आले नव्हते. मी खुर्चीत बसून राहिलो. साहेब म्हणाले, "चला, रजिस्टरची नक्कल जोडा, दुरुस्त होईल." आणि खरेच, नऊ दिवसांत दुरुस्ती झाली. थकबाकीही पुढे मिळाली.

मावशींचा प्रश्न

घरी येताना लोकलमध्ये मावशींना सांगून टाकले. न सांगता राहता आले असते; पण दर रविवारी विहारात त्यांच्यासमोर पंचशील घ्यायचे आणि मुसावादापासून अलिप्त राहण्याचे शील उच्चारायचे, हे जमले नसते. मी म्हणालो, "मावशी, ते टिंब माझ्याच हातून राहिलं." त्या बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होत्या. मग त्यांनी विचारले, "तुला तवा एका नावाचं किती मिळत व्हतं?"

"दहा पैसे."

"आन् मंग टिंबाचं?"

मला उत्तर देता आले नाही. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त एवढेच सांगितले, की पैसे अडले तेव्हा त्यांची मुलगी बारावीला होती, तिला नर्सिंगला जायचे होते. आईची ओढाताण पाहून तिने दिवाळीनंतर कॉलेज सोडले आणि एका पॅकिंगच्या कारखान्यात कामाला लागली. थकबाकी आली, पण ते वर्ष आले नाही. पुढे त्या मुलीने १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी केली, कला शाखेतून. नर्सिंग राहून गेले ते गेलेच. आज ती दोन मुलांची आई आहे. मी दिसलो की 'भाऊ' म्हणून हसते, आणि प्रत्येक वेळी मला ऑपरेटर क्रमांक १४ आठवतो.

दोन आकड्यांसाठी सगळे जग रात्रभर जागले होते. आमच्या टिंबासाठी जागणारे कोणी नव्हते, आणि ज्याने जागायचे तो मीच होतो. चूक माझी होती, हे मी झाकत नाही. पण माणसाच्या नावाची किंमत दहा पैसे ठरवणारे आणि दहापैकी नऊ नोंदी न तपासता पुढे ढकलणारेही होतेच. अकरा वर्षे त्या कार्यालयात एकानेही जुने रजिस्टर उघडून पाहिले नाही, कारण 'कॉम्प्युटरमध्ये असंच आहे' म्हटले की प्रश्न संपत होता.

यंत्राचा दोष नाही

त्या वर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर गेलो, तेव्हा शासनाने प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांच्या खंडांतला नववा खंड घेतला. त्यात १९४५ सालचा 'काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले?' हा ग्रंथ आहे. इंग्रजी जड गेले, पण शब्दकोश घेऊन नेटाने वाचले. गांधीवादाची चिकित्सा करताना बाबासाहेबांनी तिथे यंत्राची बाजू घेतली आहे. यंत्रामुळे माणसाला कष्टातून सवड मिळते आणि सवड मिळाली तरच त्याला विचार आणि संस्कृती यांचे जीवन लाभते, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. यंत्रातून अनर्थ झाले असतील तर तो यंत्राचा दोष नव्हे. ज्या समाजरचनेत काही थोड्यांच्या लाभासाठी यंत्र राबते, त्या रचनेचा दोष आहे. आजोबांनी साचा खात्याबद्दल जे सांगितले होते, तेच बाबासाहेबांनी विद्वत्तेच्या भाषेत मांडले होते.

आणि आठवले तथागतांचे केसपुत्त गावच्या कालामांना केलेले मार्गदर्शन. परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका. स्वतः पारखून घ्या. हजारो वर्षे आपल्या वाडवडिलांना सांगण्यात आले, "पोथीत असंच लिहिलंय." त्यांनी विचारले नाही, कारण पोथी उघडून बघण्याची त्यांना मुभाच नव्हती. बाबासाहेबांनी ती मुभा मिळवून दिली. आता "कॉम्प्युटरमध्ये असंच आहे" या शब्दांपुढे आपण पुन्हा मान खाली घालणार असू, तर पोथी तेवढी बदलली, आपण तसेच राहिलो. पोथीही माणसाने लिहिली होती आणि कॉम्प्युटरमध्येही कोणीतरी दहा पैशांना नाव भरलेले असते.

विहारातले दोन कॉम्प्युटर

२०१४ साली आम्ही विहारात दोन जुने कॉम्प्युटर आणून ठेवले. काही ज्येष्ठांनी हरकत घेतली : "विहारात वंदना व्हावी, मशिनी कशाला?" मी माझीच कथा सर्वांसमोर सांगितली. त्यानंतर हरकत आली नाही. उलट लाइटबिलासाठी डबा ठेवला गेला. रविवारी सकाळी वंदना झाली की मुले शिकायला बसतात. पहिली पाळी मुलींची, हा नियम. आमच्या विहारातही चपला बाहेरच काढतात. पण आत आल्यावर गप्प बसायचे नाही, विचारायचे, असे आम्ही मुलांना सांगतो.

२००१ साली एमकेसीएलची स्थापना झाली आणि एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम गावोगाव पोचला. आपल्या पुष्कळ मुलांनी तो केला, प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावले. चांगलेच आहे. पण कॉम्प्युटर चालवता येणे आणि कॉम्प्युटरला प्रश्न विचारता येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले. आता मुले गृहपाठही त्याच्याकडून लिहून घेतात आणि पालक मला विचारतात, "भाऊ, आता आमच्या पोरांच्या नोकऱ्यांचं काय?" वडिलांचा १९८४ सालचाच प्रश्न हा. काही कामे जातील, हे खोटे सांगण्यात अर्थ नाही. माझी डेटा एन्ट्रीही आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. पण हे नवे यंत्रही चुकते आणि चुकताना मोठ्या आत्मविश्वासाने बोलते, हे मी स्वतः पाहिले आहे. बाबासाहेबांच्या जीवनातली एक तारीख त्याला विचारली, तर त्याने ठणकावून चुकीची सांगितली. त्याची चूक ओळखायला आधी आपल्याला ठाऊक असावे लागते. म्हणून पुस्तक सुटता कामा नये.

घरोघरी एवढे तरी करा

माझ्या माता-भगिनींना आणि बांधवांना काही गोष्टी कळकळीने सांगतो. बहुतेक ठेच लागून शिकलो आहे.

पहिली गोष्ट. मुलाचा जन्मदाखला, शाळेतली नोंद, आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक एका ठिकाणी मांडा आणि नाव अक्षर-अक्षर ताडून पाहा. मराठीत टिंब, वेलांटी, उकार पाहा. इंग्रजीत कांबळेच्या 'बी'नंतर 'ए' आहे की नाही ते पाहा. देशातले पहिले आधार कार्ड २०१० साली आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी दिले गेले. तेव्हापासून कागदाशी कागद जुळवण्याचे काम माणसाकडून मशीनकडे जात राहिले आहे. माणूस समजून घेतो, "अहो, हा तोच." मशीन समजून घेत नाही. शिष्यवृत्ती अडते ती इथेच. शाळेतली चूक मूल शाळेत असेपर्यंतच दुरुस्त करा. शाळा सोडल्याचा दाखला हातात पडल्यावर फार जड जाते.

दुसरी गोष्ट, धर्माचा रकाना. दुकानात फॉर्म भरणारा मुलगा पुष्कळदा न विचारताच 'हिंदू' दाबून पुढे जातो. त्याच्या मनात काही नसते, घाई असते. पण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी लाखोंना जी दीक्षा दिली, ती एका बोटाच्या टिचकीने पुसली जाते. बौद्ध लिहिल्याने सवलत जाईल ही भीतीही मनातून काढा. १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती लागू झाल्या आहेत. आपल्या दाखल्यावर काय लिहिले आहे ते आधी वाचा आणि फॉर्म त्याच्याशी जुळवून भरा.

तिसरी. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातीच्या कुटुंबाला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबा-पणजोबांच्या शाळेचा दाखला, जुनी जन्म-मृत्यूची नोंद, जे असेल ते प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवा. मूळ कागद हा तुमचा साक्षीदार आहे. कॉम्प्युटर चुकला तर शेवटी तोच बोलतो. मावशींच्या वेळी लाल कापडातले रजिस्टर बोलले तसा.

चौथी. फॉर्म पाठवण्याआधी दुकानदाराला सांगा, "थांब, मोठ्याने वाच." आईला लिहिता-वाचता येत नसले तरी कान आहेत. अर्जाचा क्रमांक लिहून घ्या, पावती घेतल्याशिवाय उठू नका. आणि मोबाइलवर आलेला ओटीपी फोनवर कोणालाही सांगू नका, तो कितीही गोड बोलो.

पाचवी आणि शेवटची. "कॉम्प्युटरमध्ये असंच आहे" असे कोणी म्हणाले तर शांतपणे विचारा, "मूळ नोंद दाखवा." माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. २०१५ पासून महाराष्ट्रात लोकसेवा हक्काचा कायदाही आहे. त्यात ठरलेल्या सेवा ठरलेल्या मुदतीत द्याव्याच लागतात, नाहीतर अपील करता येते. बाबासाहेबांच्या लेकरांनी हे कायदे कपाटात ठेवू नयेत.

आणि आपल्यापैकी जे माझ्यासारखे खुर्चीच्या पलीकडे बसतात, त्यांना एक विनंती. समोरच्या पडद्यावरचे नाव म्हणजे माणूस आहे, घर आहे, कोणाची तरी बारावी आहे. साहेबांची घाई असेल, कंत्राटदार दहा पैसे देत असेल, तरी एकदा मान वर करून रजिस्टरमध्ये पाहा. मी आजही दर नोंदीनंतर पाहतो. माझा वेग निम्मा झाला आहे. ऑफिसात काही जण हसतात, हसू देत.

मावशी गेल्या वर्षी गेल्या. त्यांची नात दुसरीत आहे आणि रविवारी आमच्या विहारात कॉम्प्युटरवर बसते. परवा तिने आजीचे आडनाव टाइप केले आणि मला हाक मारली, "मामा, बरोबर आहे का बघा." मी चष्मा लावून पाहिले. टिंब होते.

जयभीम.